स्पॅनिशमधील ‘गातो’: एका मांजराचे अनेक अर्थ

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यात स्पॅनिश शिकले आहेत आणि सध्या मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथील सहकाऱ्यांबरोबर काम करतात. वर्गात त्यांना ‘गातो’ म्हणजे मांजर एवढेच शिकवले गेले होते. पुढे मेक्सिकोतील सहकाऱ्याने दूरध्वनीवर त्यांना ‘मार्के गातो’, म्हणजे ‘गातो दाबा’, असे सांगितले. माद्रिदचा एक मित्र ‘मी गातो आहे’ असे अभिमानाने म्हणाला. आणि अर्जेंटिनाच्या एका मालिकेत एक पात्र दुसऱ्यावर ‘के मिरास, गातो?’, म्हणजे ‘काय बघतोस, गातो?’, असे डाफरले. हा एकच शब्द आहे का, या सगळ्याचा मांजराशी काय संबंध आहे, आणि यांतील कोणते अर्थ आपण स्वतः बोलताना वापरावेत, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी सव्वीस वर्षे स्पॅनिश शिकवते आहे आणि त्यातील बराच काळ भाषांतराचेही काम केले आहे. मराठी विद्यार्थ्यांच्या हा शब्द पहिल्याच आठवड्यात लक्षात राहतो, कारण उच्चाराने तो आपल्या ‘गाणे’ या क्रियापदाच्या ‘तो गातो’ या रूपासारखा ऐकू येतो. मात्र लक्षात लवकर राहिलेल्या शब्दाकडे पुन्हा वळून पाहिले जात नाही, आणि म्हणूनच तीन-चार वर्षे स्पॅनिश शिकलेला विद्यार्थीसुद्धा या दोन अक्षरांवर अडखळतो.

होय, हा एकच शब्द आहे. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘कात्तुस’ या शब्दापासून तो आला आणि त्याचे बहुतेक सर्व अर्थ खऱ्या मांजराच्या काही मोजक्या लकबींतून निघाले आहेत. मांजर नख्यांनी घट्ट पकडते, भिंतीवर चढते, दबकत चालते, स्वयंपाकघरात चोरी करते, धन्याच्या घरात राहून उंदीर मारण्याची चाकरी करते आणि त्याचे डोळे फिक्या रंगाचे असतात. यांतील कोणती लकब कोणत्या प्रदेशातील लोकांच्या नजरेत भरली, त्यावर तेथील अर्थ ठरला. स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आहे, शिवाय प्वेर्तो रिको आहेच. त्यामुळे ‘स्पॅनिशमध्ये याचा अर्थ काय’ असा प्रश्न विचारण्याऐवजी ‘तिथे याचा अर्थ काय’ असे विचारणे अधिक योग्य ठरते.

माद्रिदच्या मित्रापासून सुरुवात करू. माद्रिदच्या रहिवाशांना ‘गातो’ म्हणतात आणि स्पॅनिश अकादमीच्या कोशातही हा अर्थ नोंदवलेला आहे. जुने माद्रिदकर मात्र हा मान सहजासहजी कोणालाही देत नाहीत. ज्याचे आईवडील आणि आजीआजोबाही माद्रिदमध्येच जन्मले, तोच खरा गातो, असे ते मानतात. यामागे एक आख्यायिका सांगितली जाते. अकराव्या शतकात, १०८५ च्या सुमारास, कास्तियाचा राजा सहावा आल्फोन्सो याच्या सैन्याने तेव्हा मुसलमानी अमलाखाली असलेल्या या गावाच्या तटाला वेढा घातला असता एक सैनिक दगडांच्या फटीत खंजीर रोवत रोवत मांजरासारखा भिंत चढून गेला, आणि त्याच्यावरून पुढे सर्व गावालाच हे नाव पडले. सिंहगडाच्या कड्याची आणि घोरपडीची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकांना ही कथा लगेच जवळची वाटेल. ती इतिहास म्हणून नव्हे, तर आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण माद्रिदमध्ये कोणी ‘मी गातो आहे’ म्हणाला, तर त्यात विनोद नसून कुळाचा अभिमान आहे, हे ओळखावे.

आता नख्यांच्या पकडीकडे येऊ, कारण माझ्या मते या शब्दाचा सर्वांत समृद्ध भाग तोच आहे. पिंपे बांधणारे कारागीर लाकडी फळ्या ओढून कड्यात बसवण्यासाठी जे लोखंडी आकड्याचे अवजार वापरत, त्याला ‘गातो’ म्हणत. सुताराच्या शिकंज्यालाही हे नाव आहे. मोटारीचे चाक बदलताना आपण लावतो तो जॅकही ‘गातो’च, आणि तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर ‘गातो इद्राउलिको’. याच शब्दाचे लघुरूप ‘गातियो’, म्हणजे शब्दशः लहानसे मांजर, हे पूर्वी दात उपटण्याच्या चिमट्याचे नाव होते आणि आज ते बंदुकीच्या चापाचे नाव आहे. आपण त्याच चापाला ‘घोडा’ म्हणतो. बोटाखाली दबणाऱ्या त्या लोखंडी तुकड्यात मराठी माणसाला घोडा दिसला आणि स्पॅनिश माणसाला मांजराचे पिल्लू दिसले, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगते, कारण लक्षणेने शब्द कसा जन्मतो हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

या अर्थाच्या बाबतीत माझ्याकडे आलेला एक प्रसंग येथे नोंदवते. चाकणच्या एका कारखान्यासाठी चिलीहून आलेल्या देखभाल पुस्तिकेचे भाषांतर माझ्या एका विद्यार्थिनीकडे होते. त्यात एक वाक्य होते: ‘लेवांते एल वेइकुलो कोन ला गाता’. तिने ‘मांजरीच्या साहाय्याने वाहन वर उचला’ असे लिहून शेजारी प्रश्नचिन्ह काढले आणि रात्री मला दूरध्वनी केला. जॅकला ‘गातो’ म्हणतात हे तिला माहीत होते; पण येथे शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे तो अर्थ तिने स्वतःच बाद केला होता. स्पेनमध्ये हे अवजार पुल्लिंगी आहे, चिली आणि पेरू या देशांत मात्र ते ‘गाता’ असे स्त्रीलिंगी होते. आठ पानांनंतर त्याच पुस्तिकेत ‘गाता’ चार टनांपर्यंत भार उचलते असे लिहिले होते, आणि ते वाचल्यावर तिची शंका पूर्ण मिटली. तिच्या भाषाज्ञानात काहीही उणे नव्हते. तिने पाहिलेला कोश स्पेनचा होता आणि मजकूर चिलीचा होता, एवढेच.

चोरीचा अर्थ जुना आहे आणि आज तो मुख्यतः वाक्प्रचारांत जिवंत आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील स्पॅनिशमध्ये हातचलाखीने चोरी करणाऱ्याला ‘गातो’ म्हणत. त्याच काळात ‘गातो’ हे पैशाच्या थैलीचेही नाव होते, कारण मांजराचे कातडे अखंड सोलून ती शिवत असत. पुढे त्या थैलीत साठवलेल्या पैशालाही गातो म्हणू लागले. ‘आय गातो एन्सेर्रादो’, म्हणजे ‘येथे मांजर कोंडलेले आहे’, हा आजही रोज वापरला जाणारा वाक्प्रचार बहुतेक अभ्यासक या थैलीशी जोडतात: कोठेतरी पैसा दडवलेला आहे, म्हणजेच दिसते तितके सरळ प्रकरण नाही. मराठीत याला ‘काहीतरी पाणी मुरते आहे’ हा चपखल प्रतिशब्द आहे. येथे कोंडलेले मांजर तसेच मराठीत आणले, तर वाचकाला म्याव ऐकू येईल, संशय येणार नाही.

‘दार गातो पोर लिएब्रे’, म्हणजे सशाच्या नावाखाली मांजर देणे, हा फसवणुकीचा वाक्प्रचार खाणावळींतून आला. रस्त्यावरच्या धर्मशाळांत रानसशाचे मांस म्हणून मांजर शिजवून वाढले जाते, अशी प्रवाशांना सतत धास्ती असे. सोलून, डोके आणि पंजे काढून टाकल्यावर हे दोन्ही प्राणी ओळखू येणे खरोखरच कठीण असते. ही धास्ती निराधार नव्हती; रुपेर्तो दे नोला याच्या सोळाव्या शतकातील पाककृतींच्या पुस्तकात भाजलेल्या मांजराची कृती उघडपणे दिलेली आहे. आज हा वाक्प्रचार जुनी गाडी नवी म्हणून विकणाऱ्यापासून निवडणुकीतील आश्वासनांपर्यंत सगळीकडे चालतो. फसवण्याचा अर्थ असलेले ‘एंगातुसार’, म्हणजे गोड बोलून गुंडाळणे, हे क्रियापदही मांजराच्याच घराण्यातले मानले जाते.

ग्वादालाहाराच्या दूरध्वनीचे उत्तर अगदी थोडक्यात देता येते. आपण ज्या खेळाला ‘फुली-गोळा’ म्हणतो, त्याला मेक्सिको आणि चिलीमध्ये ‘गातो’ म्हणतात. त्या खेळासाठी दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारून जी आकृती काढतात, ती आणि दूरध्वनीच्या कळफलकावर उजवीकडे खाली असलेली खूण एकसारखी दिसते, म्हणून त्या कळीचेही नाव गातो पडले. तेव्हा ‘मार्के गातो’ म्हणजे ती कळ दाबणे. स्पेनमध्ये त्याच कळीला ‘आल्मोआदिया’, म्हणजे उशी, म्हणतात आणि खेळाला ‘त्रेस एन राया’. अर्जेंटिनात खेळ ‘ता-ते-ती’ असतो. आणि पेरूमध्ये खेळाचे नाव ‘मिची’ आहे. पेरूतील मूळनिवासींच्या केचुआ भाषेत मिची म्हणजे मांजरच, आणि स्पॅनिशमध्येही मांजराला हाक मारताना ‘मिची, मिची’ म्हणतात. नाव बदलले तरी प्राणी तोच राहिला, हे पाहून मला प्रथम फार आनंद झाला होता.

माणसांना उद्देशून होणारा वापर हा या उत्तराचा सर्वांत जपून वाचण्याचा भाग आहे. मेक्सिकोत ‘गातो’ हा घरगड्यासाठी आणि ‘गाता’ हा मोलकरणीसाठी वापरला जाणारा तुच्छतेचा शब्द आहे. एखाद्या पुढाऱ्याच्या हुजऱ्यांना ‘सुस गातोस’, म्हणजे ‘त्याची मांजरे’, असे म्हटले जाते. या शब्दात केवळ राग नसतो. त्यात वर्गाचा आणि बऱ्याचदा वर्णाचा माज भरलेला असतो. दुसऱ्याच्या घरात राबून पोट भरणाऱ्या बाईला पाळीव प्राण्याच्या पातळीवर नेऊन बसवणारा हा शब्द आहे, आणि आपल्याकडेही कामाला येणाऱ्या बाईंचा उल्लेख कसा होतो हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना त्यातील दंश वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. अनेक सुसंस्कृत मेक्सिकन लोक तो शब्द तोंडातही घेत नाहीत.

अर्जेंटिनात वाट वेगळी आहे. तेथील तुरुंगांच्या बोलीत दुसऱ्या बलवान कैद्याची कामे निमूटपणे करणाऱ्या दुबळ्या कैद्याला ‘गातो’ म्हणतात. तुरुंगाबाहेर पडून हा शब्द ब्वेनोस आयरेसच्या वस्त्यांत, तेथून फुटबॉलच्या मैदानांवर आणि मालिकांत पोहोचला. तुम्ही ऐकलेले ‘के मिरास, गातो?’ हे वाक्य त्याच बोलीतले असून ते सरळ भांडणाचे आमंत्रण आहे. मराठीत ‘काय बघतोस रे?’ एवढ्याने त्याचा सूर साधतो, पण त्यातील ‘तू कोणाचा तरी चाकर आहेस’ ही हेटाळणी निसटते. मौरिसिओ माक्री २०१५ ते २०१९ या काळात राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या विरोधकांनी ‘माक्री गातो’ हे दोन शब्द भिंतींवर, फलकांवर आणि समाजमाध्यमांवर इतके लिहिले की ज्यांना तुरुंगाची बोली अजिबात ठाऊक नव्हती, त्यांनाही हा शब्द शिवी म्हणून परिचित झाला.

याच अर्जेंटिनात एखाद्या स्त्रीविषयी ‘एस उन गातो’ असे म्हटले, तर पैशासाठी पुरुषांची सोबत करणारी बाई असा अर्थ होतो. येथे व्याकरणाकडे लक्ष द्यावे: बोलणे स्त्रीविषयी आहे, पण नाम आणि उपपद पुल्लिंगीच राहतात. लिंगाचा हा विसंवाद दिसला की शब्द लाक्षणिक अर्थाने आणि बहुधा अपमानासाठी आला आहे, असे समजावे. उलट प्वेर्तो रिकोच्या ‘रेगेतोन’ या नाचाच्या गाण्यांत ‘गाता’ म्हणजे आकर्षक, नखरेल तरुणी. ही गाणी मेक्सिकोतही तितकीच ऐकली जातात, त्यामुळे मेक्सिको शहरातील एकाच मुलीला हा शब्द नाचाच्या गाण्यात कौतुकाचा आणि घरातील मोठ्या माणसांच्या तोंडी अपमानाचा म्हणून ऐकू येऊ शकतो. गोव्यातील पोर्तुगीज जाणणाऱ्या वाचकांसाठी एवढेच जोडते की ब्राझीलमध्ये ‘गातु’ म्हणजे देखणा पुरुष असाही अर्थ होतो आणि विजेची चोरून घेतलेली जोडणी असाही. दुसऱ्या अर्थाला आपला ‘आकडा’ अगदी बरोबर लागू पडतो.

डोळ्यांवरून आलेला अर्थ त्यामानाने निरुपद्रवी आहे. कोस्ता रिका आणि मध्य अमेरिकेच्या इतर काही भागांत हिरव्या किंवा निळ्या डोळ्यांच्या माणसाला ‘गातो’ म्हणतात. मराठीत यासाठी ‘घारा’ हा स्वतंत्र शब्द तयार आहे आणि काही घरांत ‘मांजऱ्या डोळ्यांचा’ असेही म्हणतात, म्हणून हा अर्थ आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावा लागत नाही, नुसता सांगितला की पुरतो.

अर्जेंटिनाच्या ग्रामीण भागातील ‘गातो’ नावाच्या लोकनृत्याचा उल्लेख टाळता येणार नाही. गिटार आणि ‘बोंबो’ नावाच्या मोठ्या ढोलाच्या द्रुत लयीवर जोडीने केले जाणारे हे नृत्य आहे. त्यात पुरुष पाय आपटून ठेका दाखवतो आणि स्त्री घागऱ्याचा घेर फिरवते. कार्यक्रमपत्रिकेत ‘उन गातो’ असे दिसले, तर रंगमंचावर मांजर येणार नाही.

वाक्प्रचारांत मात्र मांजर जागोजागी भेटते आणि तेथे मराठीची श्रीमंती खरोखर कामी येते. ‘क्वात्रो गातोस’, शब्दशः चार मांजरे, म्हणजे अगदी थोडी माणसे. सभेला चार मांजरे आली होती असे स्पॅनिश माणूस म्हणतो, तेव्हा आपण ‘चार टाळकी जमली होती’ म्हणतो; आकडाही तोच आणि किंचित तुच्छतेचा सूरही तोच. ‘लावार्से कोमो लोस गातोस’, म्हणजे मांजरासारखे वरवर अंग धुणे. आपण त्याला कावळ्याची आंघोळ म्हणतो. ‘गातो एस्काल्दादो देल आग्वा फ्रिया उये’, म्हणजे पोळलेले मांजर थंड पाण्यापासूनही पळते. आपल्याकडे दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न तर दोन्ही भाषांत जसाच्या तसा आहे. स्पॅनिश मांजराला सात आयुष्ये असतात. इंग्रजीतून आलेली नऊ तेथे लिहिली, की भाषांतर इंग्रजीवरून केले आहे हे लगेच उघड होते.

एका वाक्प्रचारावर थोडे थांबते, कारण त्याच्याविषयी मला वारंवार विचारले जाते. विनाकारण फाटे फोडणाऱ्याला, नसती भानगड ओढवून घेणाऱ्याला उद्देशून ‘बुस्कार त्रेस पिएस आल गातो’, म्हणजे मांजराला तीन पाय शोधणे, असे म्हणतात. मांजराला चार पाय असतात. त्यात तीन शोधणे तर सर्वांत सोपे, मग यात अवघड काय, अशी शंका रास्त आहे. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात सेबास्तियान दे कोवार्रुबियास याने हा वाक्प्रचार ‘पाच पाय शोधणे’ असा दिला आहे आणि कोणी एकाने मांजराची शेपटी हाही पायच आहे असे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला होता, असे कारण सांगितले आहे. अर्थाच्या दृष्टीने पाच हाच आकडा पटतो. मात्र त्याच्या सहा वर्षे आधी, १६०५ मध्ये, सर्व्हान्टेसच्या ‘दोन किखोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीच्या बाविसाव्या प्रकरणात कैद्यांचा पहारेकरी नायकाला ‘मांजराला तीन पाय शोधत हिंडू नका’ असेच बजावतो. म्हणजे दोन्ही रूपे त्या काळी चालत होती, आणि आज तीनचे रूप अधिक रूढ आहे. परीक्षेत तीन लिहावे. पाच कोणी म्हटले तर त्याला चूक ठरवू नये.

एवढे सगळे अर्थ पाठ करण्याची गरज नाही. मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी पाहायला सांगते: बोलणारा कोठला आहे, शब्दाआधी कोणते उपपद आणि कोणते क्रियापद आले आहे, आणि तो शब्द वस्तूविषयी आहे की समोरच्या माणसाला हाक म्हणून वापरला आहे. ‘मार्कार’ (दाबणे) या क्रियापदापुढे तो कळ असतो, ‘लेवांतार’ (उचलणे) याच्यापुढे बहुधा जॅक, ‘बाइलार’ (नाचणे) याच्यापुढे नृत्य; आणि अर्जेंटिनातील वाक्यात स्वल्पविरामानंतर एकटा आला तर शिवी. कोशांपैकी स्पॅनिश अकादमीचा कोश उघडल्यावर तेथेच न थांबता, सर्व स्पॅनिश अकादम्यांनी मिळून २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अमेरिकी शब्दांचा कोश, ‘दिक्सिओनारिओ दे आमेरिकानिस्मोस’, अवश्य पाहावा. त्यात प्रत्येक अर्थापुढे देशांच्या नावांची संक्षिप्त रूपे दिलेली असतात, आणि आपल्या कामाच्या दृष्टीने अर्थाइतकीच ती संक्षिप्त रूपेही महत्त्वाची असतात. ती न वाचता अर्थ उचलणे हीच मी पाहिलेल्या बहुतेक चुकांची जागा आहे.

स्वतः कोणता अर्थ वापरावा, या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी निःसंकोचपणे देते. कळ, जॅक, खेळ, नृत्य आणि वर दिलेले वाक्प्रचार मोकळेपणाने वापरावेत. विशेषतः ‘क्वात्रो गातोस’ आणि ‘आय गातो एन्सेर्रादो’ योग्य जागी आले की समोरचा स्पॅनिश भाषक खुलून बोलू लागतो. माद्रिदच्या माणसाला त्याने स्वतः सांगितल्यावर ‘गातो’ म्हणायला हरकत नाही. परंतु अन्य कोणत्याही माणसाला हा शब्द लावू नये, प्रेमानेही नाही. तुम्ही ग्वादालाहाराच्या कार्यालयाशी रोज बोलता, म्हणून हे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे: गाण्यात ऐकलेला ‘गाता’ हा शब्द तेथील एखाद्या सहकारी महिलेसाठी कौतुक म्हणून उच्चारलात, तर तिच्या कानावर पडणारा अर्थ ‘मोलकरीण’ हाच असू शकतो, आणि नंतर दिलेले कोणतेही स्पष्टीकरण तो अपमान पूर्णपणे पुसू शकणार नाही.